वाचक विचारतात: रोटरी प्लसला नेमकी कुठल्या बाजूला फिरली पाहिजे?

मागच्या अंकात वर्क ऑफसेटवर (जॉबचा शून्य कुठं आहे ते मशीनला सांगणारे आकडे) लिहिलं, आणि पत्रं बघितली तर ऑफसेटचे प्रश्न चारदोन आणि बाकी सगळे फोर्थ ॲक्सिसचे, म्हणजे बेडवर बसवून जॉब फिरवणाऱ्या रोटरीचे, त्यातही बहुतेकांचं रडगाणं एकच की रोटरी उलटी फिरते. म्हणून हा अंक फक्त दिशेसाठी. शिल्लक राहिलेले क्लॅम्पिंगचे, सेंटरिंगचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न (वाळूज): सर नमस्कार. आमच्या फॅनुक कंट्रोलच्या व्हीएमसीला (उभ्या स्पिंडलचं मशीन) नवीन फोर्थ ॲक्सिस बसवलाय, रोटरी बेडच्या डाव्या टोकाला आहे. व्हॉल्व्ह बॉडीचा जॉब, चारी बाजूंना वेगवेगळे पोर्ट. शून्य आणि १८० चे पोर्ट एकदम बरोबर येतात, पण ९० चा पोर्ट २७० ला पडतो आणि २७० चा ९० ला. कॅमवाला (कॉम्प्युटरवर प्रोग्राम काढणारा) म्हणतो माझं सिम्युलेशन बरोबर आहे, मशीनच उलटं फिरतंय. ज्या इंजिनिअरने ॲक्सिस बसवला तो म्हणतो मी उजव्या हाताच्या नियमाने तपासलंय, अंगठा एक्स प्लसकडे केला की बोटं जातात तसाच चक फिरतो. दोघंही ऐकायला तयार नाहीत, आणि स्क्रॅपचे पैसे मात्र आमच्या खात्यावर.

उत्तर: कॅमवाला बरोबर आहे. इंजिनिअरने नियम बरोबर घेतला पण लावला भलत्याला. उजव्या हाताचा नियम टूलसाठी आहे, चकसाठी नाही.

सीएनसीचं सगळं प्रोग्रामिंग एक गोष्ट धरून चालतं, की जॉब जागेवरून हलत नाही आणि टूलच त्याच्या भोवती हिंडतं. अक्षांची नावं आणि दिशा ठरवणारं आयएसओ ८४१ हे स्टँडर्ड (त्याची २००१ ची आवृत्ती) हेच सांगतं. तुमच्या मशीनचा एक्सच बघा ना, एक्स प्लस दिलं की बेड डावीकडे जातो, उजवीकडे नाही, आणि याचं कुणाला काही वाटत नाही कारण शिकाऊ होतो तेव्हापासून तेच बघतोय. बेड डावीकडे सरकला म्हणजे जॉबच्या हिशोबाने टूल उजवीकडे गेलं, झालं काम. रोटरीलाही अगदी हेच लागू होतं. ए म्हणजे एक्सभोवती फिरणारा अक्ष, आणि ए प्लस म्हणजे टूल जॉबभोवती उजव्या हाताच्या बोटांच्या दिशेने गेलं पाहिजे, पण टूल बिचारं वर स्पिंडलमध्ये अडकलेलं, ते कुठं फिरणार, म्हणून जॉबलाच त्याच्या उलट फिरवायचं. स्टँडर्डमध्ये तर जॉब हलवणाऱ्या अक्षाच्या अक्षरावर वेगळी डॅशची खूण असते, एक्स-डॅश, ए-डॅश, आणि त्याची प्लस दिशा टूलवाल्या अक्षाच्या बरोबर उलटी. पॅनेलवर ही खूण कुणी छापत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता मशीनसमोर उभं राहून काय बघायचं ते सांगतो. हँडलवर ए निवडा, झेड वर घेऊन ठेवा आणि प्लसला हळूहळू फिरवा. चकचा वरचा भाग तुमच्यापासून लांब, म्हणजे कॉलमकडे गेला पाहिजे आणि तुमच्याकडे तोंड करून असलेली बाजू वर आली पाहिजे. म्हणजे ए९० ला स्पिंडलखाली तीच बाजू येणार जी शून्याला तुमच्याकडे बघत होती. तुमच्याकडे बहुतेक उलटं होत असणार, वरचा भाग अंगावर येत असणार.

हे पाठ करायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ज्या अक्षाभोवती फिरतंय त्याच्या प्लस टोकाला उभं राहून शून्याकडे बघायचं, टेबल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरलं पाहिजे. व्हीएमसीच्या ए ला बेडच्या उजव्या टोकाकडून बघा, एचएमसीच्या (आडव्या स्पिंडलच्या मशीनच्या) बी ला वरून, फाइव्ह ॲक्सिसमधल्या सी टेबललाही वरून. तिन्हीला नियम तोच. पण स्पिंडल हेडच फिरणारं मशीन असेल तर तिथं फिरणारी वस्तू टूल आहे, तेव्हा उजवा हात जसाच्या तसा लावायचा, उलटं करायचं नाही.

शून्य आणि १८० बरोबर का येतात ते तुमच्या लक्षात आलंच असेल, प्लसने गेलं काय मायनसने गेलं काय, अर्धा फेरा तिथंच नेऊन सोडतो. म्हणून ज्या कंपनीत फक्त दोन बाजूंचे जॉब चालतात, किंवा चारी बाजूंना सारखीच भोकं असतात, तिथं उलटी रोटरी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस तुमच्यासारखा व्हॉल्व्ह बॉडीचा जॉब येतो.

दोघांचं भांडण कागदावर मिटत नसेल तर मार्करने मिटवा. चकमध्ये एक गोल बार धरा, कोलेटमध्ये मार्कर पेन (मागे थोडी स्प्रिंग घातली तर उत्तम, नाहीतर टोक चेपतं), पेन बारच्या बरोबर माथ्यावर टेकवा आणि एमडीआयमध्ये (कंट्रोलवर हाताने ओळ लिहून चालवायचा मोड) लिहा: जी९१ जी९४ जी०१ एक्स५० ए३६० एफ३६३. बारवर एक फेरा मारणारी तिरकी रेघ उमटेल. ती रेघ साध्या नटबोल्टमधल्या बोल्टच्या आट्याशी जुळवून बघा. रेघ राइट हँड आली तर दिशा बरोबर, लेफ्ट हँड आली तर उलटी. बोल्ट कुठल्याही टोकाने धरला तरी आटा तोच दिसतो, त्यामुळे चक डावीकडे आहे का उजवीकडे, बार कुठल्या बाजूने बघतोय, याचा काही संबंध उरत नाही. मला ही चाचणी सगळ्यात जास्त आवडते कारण यात वाद घालायला जागाच नाही. एफ३६३ कुठून आलं असं कुणीतरी विचारणारच, तर फॅनुक अशा एकत्र चालीत मिलिमीटर आणि अंश एकाच मापाने मोजतं, ५० आणि ३६० च्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की साधारण ३६३ येतं, म्हणजे ही रेघ एका मिनिटात पूर्ण होते.

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर): साहेब, आमची रोटरी बेडच्या डाव्या टोकाला होती, तेव्हा सगळं व्यवस्थित चालायचं. टूल चेंजरला अडते म्हणून तोंड फिरवून उजव्या टोकाला बसवली. कॅममध्ये चक उजवीकडे दाखवून प्रोग्राम पण नवीन काढले, तरी जॉब आरशात बघितल्यासारखा येतोय. पॅरामीटर कुणीच बदललेला नाही. मग असं का, आणि आता काय काय बदलावं लागेल? आमचं दुसरं मशीन सीमेन्सचं आहे, त्यालाही हीच रोटरी अधूनमधून लावतो.

उत्तर: पॅरामीटर कुणी बदलला नाही हेच कारण आहे. मोटर पूर्वी फिरायची तशीच फिरतेय, पण फेसप्लेटचं तोंड आधी एक्स प्लसकडे होतं ते आता एक्स मायनसकडे झालं. रोटरीच्या समोर उभं राहून बघाल तर ती पूर्वीसारखीच फिरताना दिसेल, पण मशीनच्या एक्सच्या हिशोबाने ती उलटी झाली. रोटरी या टोकाची त्या टोकाला गेली की दिशा बदलावीच लागते, ही कुणाची चूक नाही.

फॅनुकमध्ये त्या अक्षाचा २०२२ नंबरचा पॅरामीटर बघा. त्यात १११ असेल तर -१११ करा, -१११ असेल तर १११. पॉवर बंद करून परत चालू करायची. इतकंच सांगून मी थांबलो तर पुढच्या आठवड्यात तुमचं दुसरं पत्र येईल, कारण हा एक आकडा बदलला की त्याच्या मागे बाकीचं पण हलतं.

सगळ्यात आधी पॅरामीटरचा बॅकअप कार्डवर घ्या. हे सगळे सांगतात आणि कुणी घेत नाही. दिशा उलटली की ॲब्सोल्यूट एन्कोडरचा (ॲक्सिसची जागा मोजणाऱ्या सेन्सरचा) शून्य नव्याने लावायचा, १८१५ मधला बिट ४ त्यासाठीच आहे, चकवरची शून्याची खूण डायल लावून जुळवा आणि मग तो १ करा. शून्य त्याच जागी ठेवला तरी जी५४ वगैरे वर्क ऑफसेटमधल्या ए च्या जुन्या किमतींचं चिन्ह उलटं होणार, १२.५ होतं तिथं -१२.५. फिक्स्चरच्या कागदावर पेनाने लिहिलेले ऑफसेट असतील तर ते कागद आधी फाडा, नाहीतर रात्रपाळीवाला तेच टाकणार.

यानंतरची गोष्ट फार कमी लोक बघतात. रोटरीला पिच एरर कॉम्पेन्सेशन, म्हणजे ठिकठिकाणी मोजलेल्या चुकीची दुरुस्ती, भरलेलं असेल (३६२० पासूनचे पॅरामीटर आणि त्याचा तक्ता) तर तो तक्ता जुन्या दिशेने मोजलेला आहे. दिशा उलटली की ३० अंशाची दुरुस्ती आता ३३० ला लागायला हवी आणि तीही उलट्या चिन्हाने. तक्ता तसाच ठेवला तर चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि ती कोनाच्या सेकंदांत असते म्हणून लगेच कळत पण नाही, बोअरची पोझिशन सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) हळूच बाहेर दिसायला लागते. शक्य असेल तर परत कॅलिब्रेशन करून घ्या, ते होईपर्यंत तक्ता शून्य करून काम चालवलेलं बरं. १८५१ मधला बॅकलॅश (दातांमधला खेळ) पण एकदा दोन्ही बाजूंनी डायल लावून बघून घ्या.

रोटरीवर स्वतंत्र एन्कोडर असेल, म्हणजे फुल क्लोज्ड लूप, तर नुसतं २०२२ बदलून हात झटकू नका. मोटर एका बाजूला आणि टेबलचा फीडबॅक दुसऱ्या बाजूला मोजायला लागला की ॲक्सिस सुसाट पळतो किंवा एक्सेस एरर अलार्म (४१०, ४११) देऊन बसतो. त्या फीडबॅकचं चिन्ह उलटायला २०१८ चा बिट ० आहे. आणि कृपा करून मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायरी अदलाबदल करून दिशा बदलायला जाऊ नका. जुन्या इंडक्शन मोटरला ते चालायचं, सर्व्होला नाही.

सीमेन्सला हेच काम मशीन डेटा ३२१०० करतो, त्यात १ किंवा -१ टाकायचं. त्याच्या शेजारचा ३२११० हा फीडबॅकच्या चिन्हाचा आहे, दोन्ही दिसायला सारखे वाटतात म्हणून लोक चुकून त्याला हात लावतात आणि ॲक्सिस पळाला की घाबरतात. दिशेसाठी ३२१०० आणि फक्त ३२१००.

आता तुम्ही विचारलं नाही पण विचारणार आहात ते, की पॅरामीटर कशाला, कॅमच्या पोस्टमध्येच (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये बदलणारी फाइल) चिन्ह उलटं करू की. करता येतं. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरच्या पोस्टमध्ये रोटरीच्या ओळीत अक्षाचा व्हेक्टर १, ०, ० असा लिहिलेला असतो, तिथं -१, ०, ० केलं की ए चं सगळं आउटपुट उलटतं, पाच मिनिटांचं काम. पण माझं मत विचाराल तर मशीन स्टँडर्डप्रमाणे लावा आणि पोस्टला हात लावू नका. पोस्टमध्ये केलेली तडजोड फक्त त्या एका कॉम्प्युटरवर राहते. उद्या दुसरा प्रोग्रामर येतो, स्वतःचं पोस्ट आणतो, किंवा ऑपरेटर एमडीआयमध्ये हाताने ए९० लिहितो, आणि जॉब गेला. सेटिंग स्क्रीनवर मिरर इमेज चालू करून काम भागवणारेही बघितलेत, ते तर त्याहून वाईट, कुणीतरी एक दिवस ती बंद करतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

अपवाद एकच. मशीनवर आठदहा वर्षांचे सिद्ध झालेले प्रोग्राम पडून असतील, रोटरी पहिल्यापासूनच उलट्या दिशेने लावलेली असेल आणि ती हलवलीही नसेल, तर ती तशीच राहू द्या, पोस्ट तिच्याप्रमाणे करा आणि मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. शंभर चालू प्रोग्राम सुधारत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तुमच्या बाबतीत प्रोग्राम नव्यानेच काढलेत, तेव्हा पॅरामीटरच बदला.

प्रश्न (भोसरी): मी कॅम प्रोग्रामर आहे. आमच्या पोस्टमधून कधी ए२७० येतं तर कधी ए-९०, माझ्या मते दोन्ही एकच जागा. पण एका मशीनवर ए-९० दिलं की ॲक्सिस चक्क ९० वर जाऊन थांबतो, दुसऱ्या मशीनवर तोच प्रोग्राम नीट चालतो. दोन्ही फॅनुकच. पहिल्या मशीनची दिशा उलटी आहे असं समजायचं का?

उत्तर: नाही ताई, दिशा उलटी नाही, त्या मशीनवर मायनस चिन्हाचा अर्थच वेगळा लावलाय. हे फार जणांना फसवतं, आणि मग ते २०२२ बदलून ठेवतात आणि चांगलं चालणारं बिघडवतात.

पॅरामीटर १००८ बघा. बिट ० म्हणजे रोल-ओव्हर, तो १ असेल तर ॲक्सिस ० ते ३६० मध्येच मोजतो (एका फेऱ्याचं माप १२६० मध्ये असतं, तिथं ३६० आहे ना ते बघून घ्या). खरी गंमत बिट १ मध्ये आहे. तो ० असेल तर ॲब्सोल्यूट कमांडला ॲक्सिस जवळच्या वाटेने जातो, आणि तिथं ए-९० म्हणजे २७०, तुम्ही समजता तसंच. पण तो १ असेल तर आकडा सांगतो कुठं जायचं आणि चिन्ह सांगतं कुठल्या बाजूने जायचं. म्हणजे ए-९० चा अर्थ होतो, मायनस दिशेने फिरत ९० वर जा. मशीन तुमचं तंतोतंत ऐकतंय. तुमच्या पहिल्या मशीनवर बिट १ हा १ आहे यात मला शंका वाटत नाही.

काय करायचं? दोन्ही मशीनवर एकच प्रोग्राम चालवायचा असेल तर दोन्हीचा हा बिट सारखा करा आणि पोस्टमधून ० ते ३६० मधलेच आकडे येतील असं बघा. पण जवळची वाट नेहमी बरी असंही नाही. फिक्स्चरला हायड्रॉलिकचे पाइप असतील तर जवळच्या वाटेने जाता जाता पाइप चकला गुंडाळले जातात, आणि बरोबर १८० ची चाल असेल तर कुठली वाट धरली जाईल याच्या भरवशावर राहू नये. पाइपवाल्या फिक्स्चरला मी रोल-ओव्हर बंद ठेवून सॉफ्ट लिमिट लावलेलं पसंत करतो. मात्र रोल-ओव्हर बंद असताना प्रोग्रामने दहा फेरे मारले आणि शेवटी ए० लिहिलं तर तो दहा फेरे उलटे उलगडत बसतो, सायकल टाइम का वाढला म्हणून डोकं खाजवू नका.

दिशा तपासताना मात्र जी९१ मध्ये किंवा हँडलवरच तपासा. इन्क्रिमेंटलमध्ये जवळची वाट वगैरे भानगड नसते, प्लस म्हणजे प्लस.

सीमेन्सवाल्यांनी हा गोंधळ मुळातच मिटवलाय, तिथं प्रोग्राममध्येच सांगता येतं, डीसी म्हणजे जवळच्या वाटेने, एसीपी म्हणजे प्लसने, एसीएन म्हणजे मायनसने. हायडनहाइनमध्ये एम१२६ दिलं की जवळची वाट, एम१२७ ने ते रद्द.

प्रश्न (कुपवाड): घरच्या शेडमध्ये छोटी मिलिंग मशीन आहे, स्टेपर मोटरवर, चौथा अक्ष स्वतः बनवलाय. उलटा फिरतोय. मोटरच्या वायरी बदलू की सॉफ्टवेअरमध्ये काही आहे?

उत्तर: दोन्ही चालतं, स्टेपरला सर्व्होसारखी फीडबॅकची कटकट नाही. लिनक्स-सीएनसी असेल तर आयएनआय फाइलमध्ये त्या जॉइंटच्या स्केलचं चिन्ह उलटं करा, माक-थ्रीमध्ये होमिंग आणि सॉफ्ट लिमिटच्या टेबलात त्या अक्षापुढे रिव्हर्स्डची खूण करा. वायरीच बदलायच्या तर चार वायरींपैकी एकाच कॉइलच्या दोन वायरी आपसात बदला, दोन्ही कॉइलच्या बदलल्या तर दिशा होती तीच राहील. आणि हे करताना पॉवर बंद, ड्रायव्हर चालू असताना स्टेपरची वायर काढली की ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा. लिनक्स-सीएनसीमध्ये रॅप्ड रोटरी चालू केलं असेल तर वर भोसरीच्या ताईंना सांगितलेलं चिन्हाचं प्रकरण तुम्हालाही लागू होतं. मार्करवाली चाचणी करून बघा, फीड मात्र आधी कमी ठेवून अंदाज घ्या.

प्रश्न (सातपूर, नाशिक): आमच्याकडे ट्रनियन टेबलचं फाइव्ह ॲक्सिस आहे, ए टिल्ट आणि त्याच्यावर सी. बसवताना सी उलटा होता म्हणून २०२२ बदलून घेतला, आता थ्री प्लस टूचे (रोटरी आधी फिरवून थांबवायची, मग कापायचं) जॉब व्यवस्थित होतात. पण जी४३.४ लावून एकाच वेळी पाचही ॲक्सिस चालवले की टूल भलतीकडेच जातं. एकदा फिक्स्चरला घासलं. सेंटर परत परत मोजलं, काही फरक नाही.

उत्तर: सेंटर मोजत बसू नका, तिथं चूक असती तर ती दहा-वीस मायक्रॉन, फार तर दशांश मिलिमीटरमध्ये दिसली असती. भलतीकडेच जातंय म्हणजे चिन्ह चुकलंय.

इंडेक्सिंग, म्हणजे थ्री प्लस टू, करताना कंट्रोलला फक्त सी किती फिरवायचा एवढंच माहीत असावं लागतं. जी४३.४ मध्ये मात्र त्याला कळावं लागतं की सी फिरला की जॉबवरचा बिंदू कुठं गेला, कारण एक्स आणि वाय त्याच्या मागे न्यायचे असतात. ते तो वेगळ्या पॅरामीटरमधून वाचतो. १९६८० मध्ये मशीनचा प्रकार, दोन्ही ॲक्सिस टेबलात असतील तर १२. पहिल्या रोटरी ॲक्सिसची फिरण्याची दिशा १९६८४ मध्ये, दुसऱ्याची १९६८९ मध्ये. ० म्हणजे राइट हँड, १ म्हणजे लेफ्ट हँड, आणि नेहमीच्या मशीनला फिरणाऱ्या हेडसाठी ० आणि फिरणाऱ्या टेबलसाठी १ असतो, वाळूजच्या उत्तरात जे सांगितलं त्याचंच हे आकड्यातलं रूप. तुमच्याकडे सी उलटा होता तेव्हा कुणीतरी त्याच्याशी जुळवून १९६८९ ला ० केलेला असणार, नंतर २०२२ सुधारला आणि हे तसंच राहिलं.

बदलण्याआधी खात्री करून घ्या. ए शून्यावर, स्पिंडलमध्ये टोकदार पॉइंटर, टेबलवर मध्यापासून साधारण १०० मिमीवर एक खूण. पॉइंटर त्या खुणेच्या वर आणा पण झेड किमान २० मिमी वरच ठेवा. जी४३.४ चालू करा, फीड कमी, सिंगल ब्लॉक, आणि सी१० द्या. टेबल १० अंश फिरेल आणि पॉइंटर खुणेच्या मागे मागे गेला पाहिजे. तो उलट्या बाजूला गेला तर दोघांमधलं अंतर जवळपास ३५ मिमी होईल, डोळ्यांनी दिसेल, डायलची गरज नाही. खूण टेबलच्या मध्यावर घेऊ नका, तिथं दिशा कशीही असली तरी पॉइंटर हलतच नाही आणि सगळं छान आहे असं वाटतं. सी झाला की हेच ए साठी करा, फक्त तिथं पॉइंटरची लांबी ऑफसेटमध्ये अचूक भरलेली पाहिजे आणि टिल्ट दोनतीन अंशांच्या वर नको.

आणि सर्व्हिसवाल्याला बोलवलंत तर त्याच्यासमोर ही चाचणी करून घ्या, तो गेल्यावर नाही.

प्रश्न (वेर्णा, गोवा): दिशा बरोबर आहे, जॉब पण बरोबर येतो. पण रोटरी फिरवत कॅम प्रोफाइल (कॅम म्हणजे इथं पार्ट, सॉफ्टवेअर नव्हे) कापताना एका दिशेने फिनिश सुंदर येतं आणि दुसऱ्या दिशेने जॉब थरथरतो, खुणा पडतात. रोटरी वर्म-व्हीलची, बरीच जुनी आहे.

उत्तर: थरथरते त्या दिशेने तुमचं क्लाइंब मिलिंग होत असणार. क्लाइंबमध्ये कटर जॉबला फीडच्या दिशेनेच ओढतो, आणि वर्म-व्हीलमध्ये खेळ असला की व्हील तेवढं पुढे उडी मारतं, परत वर्मला टेकतं, परत उडी. उलट दिशेने कटर जॉबला मागे रेटतो, दात एका बाजूला टेकून राहतात म्हणून ते शांत चालतं. चाकाला खूण करून डायलने खेळ मोजा, तोही एकाच जागी नको, चारपाच ठिकाणी मोजा, कारण जुन्या रोटरीत जिथं रोजचं काम होतं तेवढेच दात झिजलेले असतात. सगळीकडे सारखा असेल तर वर्मचं ॲडजस्टमेंट करून घ्या. एकाच भागात जास्त असेल तर ॲडजस्टमेंटने बाकीच्या भागात वर्म जाम होईल, तेव्हा जॉब चांगल्या दातांच्या भागात फिरवून धरा आणि फिनिशिंग पास कन्व्हेन्शनलने, म्हणजे क्लाइंबच्या उलट दिशेने, घ्या.

फीड पण तपासा. नुसता ए फिरत असेल तर एफ हा अंश प्रति मिनिट असतो. ५० मिमी व्यासावर २०० मिमी प्रति मिनिट हवा असेल तर २०० ला ३६० ने गुणून परिघाने, म्हणजे १५७ ने भागा, साधारण ४५८ येतं. तिथं सवयीने एफ२०० लिहिलं तर कटर कापायच्या ऐवजी निम्मा वेळ घासतच राहतो, आणि कॅम प्रोफाइलमध्ये व्यास बदलत असतो म्हणून पोस्टमधून जी९३ (फीड वेळेच्या हिशोबाने देणारा कोड) घेतलेलं सगळ्यात बरं, ते तुमच्या कंट्रोलला चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.